नव्वदच्या दशकातला सर्वोत्तम हॉकीपटू: वाद घालण्याची कृती

पानठेल्यावर रोज होणाऱ्या वादाला कृती लागत नाही. सचिन मोठा की विराट, प्रदीप नरवाल भारी की पवन सेहरावत, हे भंडाऱ्यात कुठेही चार माणसं उभी राहिली की आपसूक सुरू होतं आणि कोणीतरी चहाचे पैसे दिले की संपतं. हॉकीचं तसं नाही. आपल्या जिल्ह्यात कबड्डी गावोगाव आहे, हॉकीची स्टिक हातात धरलेली माणसं मोजकी. त्यामुळे हा वाद मुद्दाम मांडावा लागतो. एकदा मांडला की मात्र क्रिकेटपेक्षा जास्त रंगतो, कारण क्रिकेटमध्ये आकडे तोंडावर फेकून समोरच्याला गप्प करता येतं. हॉकीत ती सोय नाही.

दशक कोणतंही घेता येईल, पण मी नव्वदचं घ्या म्हणतो. ध्यानचंदांचा काळ घेतला तर वादच उरत नाही. गेल्या दहा वर्षांचा घेतला तर पोरं मोबाइलमधून उत्तर वाचून दाखवतात. नव्वदचं दशक मधल्यामध्ये अडकलं आहे. सामने टीव्हीवर दिसले, पण नोंदी धड ठेवल्या गेल्या नाहीत. पन्नाशीतल्यांना अर्धवट आठवतं, पोरांना काहीच माहीत नसतं, म्हणजे शोधाशोध दोघांनाही करावी लागते. शिवाय या दशकाच्या मधोमध खडकीचा एक गडी उभा आहे, धनराज पिल्ले.

मुहूर्त आणि साहित्य

29 ऑगस्टची संध्याकाळ धरा. ध्यानचंदांचा जन्मदिवस, 2012 पासून राष्ट्रीय क्रीडा दिन. शाळेत सकाळी फोटोला हार घालून झालेला असतो, रोवणी आटोपलेली असते, धान कापायला अवकाश असतो. तुमसर, साकोली, पवनी, लाखांदूर, कुठेही माणसं मोकळी सापडतात. पोळा त्याच आठवड्यात येत असेल तर एक-दोन दिवस पुढेमागे करा. पोळ्याच्या दिवशी तुमच्या वादाला कोणी येणार नाही, आणि येऊही नये.

माणसं बारा ते वीस. त्यात निदान चार मुली आणि दोन साठीच्या पुढचे. वाचनालयाची खोली किंवा शाळेचा वर्ग, फळा, खडू, घंटी, घड्याळ, चिठ्ठ्या, एक वही आणि सामन्यांची चित्रफीत दाखवायला पडदा किंवा मोठा टीव्ही. एक अध्यक्ष. अध्यक्षाला हॉकी कळत नसेल तरी चालेल, पण त्याचा कोणी आवडता खेळाडू असेल तर चालणार नाही. तयारीला आठवडा द्या. संध्याकाळचा कार्यक्रम दोन तासांत संपवा, नाहीतर शेवटच्या एसटीवाले मतदानाआधीच उठतात.

पायरी 1: प्रश्न पूर्ण लिहा

"सर्वोत्तम हॉकीपटू कोण?" एवढंच फळ्यावर लिहिलं तर अर्धा तास वाया गेला म्हणून समजा. प्रश्नात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: मैदानावरची हॉकी की बर्फावरची, पुरुष की महिला, भारतातला की जगातला, आणि दशक कोणत्या दिवसापासून कोणत्या दिवसापर्यंत.

पहिली गोष्ट आपल्याकडे एका वाक्यात मिटते. लेहमध्ये हाच कार्यक्रम असता तर मिटली नसती, तिथे हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळतात ती हॉकी वेगळी. तिच्याकडून दोन गोष्टी आपल्याला पुढे उसन्या घ्यायच्या आहेत, तेवढं लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट लोक विसरतात आणि मग अडकतात. "पुरुष" हा शब्द लिहिला नाही तर जगातल्या सर्वोत्तमाचा वाद पाच मिनिटांत संपतो. ऑस्ट्रेलियाची ॲलिसन ॲनन 1994 आणि 1998 चा विश्वचषक जिंकलेल्या संघात होती, 1996 आणि 2000 चं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेल्या संघातही होती, आणि आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार 1998 मध्ये सुरू केला तेव्हा महिलांमध्ये पहिला मान तिला मिळाला. तिच्या तोडीचा पुरुष शोधणं अवघड आहे. तेव्हा शब्द लिहायचा की नाही हे सभेने ठरवावं, पण लिहिला तर का लिहिला हेही सांगावं. माझा सल्ला असा की भारतीय पुरुषांचा वाद मुख्य ठेवा, जगाचा वाद शेवटी वीस मिनिटांत घ्या आणि त्यात ॲननला मोकळी वाट द्या.

दशकाच्या सीमेवर खरी गंमत आहे. 1990 ते 1999 की 1991 ते 2000? कागदावर हा किरकोळ फरक वाटतो. पण 1990 चा विश्वचषक लाहोरला झाला. तिथे नेदरलँड्सच्या फ्लोरिस यान बोव्हलँडरने अंतिम सामन्यात दोन गोल मारून पाकिस्तानला त्यांच्याच घरी हरवलं, तरी स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव पाकिस्तानच्या शहबाज अहमदचं निघालं. दशक 1991 पासून धरलं तर दोघांच्याही खिशातून लाहोर गळून पडतं. दशक 2000 पर्यंत नेलं तर नेदरलँड्सचाच स्टेफान वेन उसळी मारून वर येतो: सिडनीच्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात कोरियाविरुद्ध त्याच्या संघाचे तिन्ही गोल त्याचे होते. म्हणून सीमा नावं निघायच्या आधी ठरवा. नंतर ठरवली तर जो तो आपल्या माणसाच्या मापाने दशक कापतो. मी 1 जानेवारी 1990 ते 31 डिसेंबर 1999 धरतो, कारण सामान्य माणूस "नव्वदचं दशक" म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात हेच असतं.

पायरी 2: मोजमाप आधी, नाव मागून

शंकरपटात बैलजोडी घड्याळावर धावते, त्यामुळे निकाल लागला की दाणीवर फार भांडण उरत नाही. हॉकीत असं घड्याळ नाही. ते सभेलाच बनवावं लागतं.

फळ्यावर चार मोजमापं लिहा. एक, शिखर: आपल्या सर्वात चांगल्या दोन-तीन वर्षांत हा माणूस किती उंच गेला. दोन, सातत्य: दहापैकी किती वर्षं तो त्या उंचीच्या आसपास राहिला. तीन, गरज: तो नसता तर संघाचं काय झालं असतं. चार, पदकं. आता सभेला दहा गुण द्या आणि ते या चारांत वाटायला सांगा. हात वर करून मतदान घ्या. एकही नाव उच्चारलं गेलेलं नसताना हे मतदान व्हायला हवं, ही या कृतीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. बाकी काही चुकलं तरी निभावेल.

माझं वाटप: गरज 4, शिखर 3, सातत्य 2, पदकं 1. पदकांना एकच गुण का, ते सांगतो. 1992 च्या बार्सिलोनात भारत सातवा, 1996 च्या अटलांटात आठवा. विश्वचषकात 1990 ला दहावा, 1994 ला पाचवा, 1998 ला नववा. पदकांनीच मोजायचं झालं तर त्या दशकातल्या एकाही भारतीयाचं नाव घ्यायला नको. वाईट संघातला उत्तम खेळाडू ओळखता आला पाहिजे, नाहीतर हा वाद म्हणजे फक्त पदकतालिकेचं मोठ्याने वाचन. शून्य गुणही देऊ नका, कारण बाद फेरीच्या दडपणात कोण टिकलं हे पदकांतूनच कळतं.

पायरी 3: यादी

प्रत्येक जागेवरचा निदान एक माणूस यादीत हवा. हे केलं नाही तर यादीत सगळे फॉरवर्ड जमतात, कारण लोकांना गोल आठवतात, वाचवलेले गोल आठवत नाहीत.

भारतापुरती यादी अशी होईल. फॉरवर्ड धनराज पिल्ले. उजव्या बगलेवरून हैदराबादचा मुकेश कुमार, 1992, 1996 आणि 2000 अशी तीन ऑलिंपिकं खेळलेला. बलजितसिंग धिल्लन. मधल्या फळीत बंगळुरूचा ज्यूड फेलिक्स, 1994 च्या विश्वचषकातला कर्णधार. बचावात परगटसिंग, बार्सिलोना आणि अटलांटा अशा दोन ऑलिंपिकमधला कर्णधार. गोलरक्षक आशिष बल्लाळ. दिलीप तिर्की 1995 मध्ये आला, पण त्याची खरी वर्षं पुढच्या दशकात, त्याला तिकडे ठेवा.

सहाच्या वर नावं घेऊ नका. मोहम्मद शाहिदचं नाव कोणीतरी काढणारच. आदराने ऐका आणि ऐंशीच्या दशकात परत पाठवा. धनराज लहानपणी त्याचीच नक्कल करत असे, एवढाच त्याचा इथे संबंध.

पायरी 4: चिठ्ठ्या

प्रत्येक नावाची चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीला दोन वकील: एक मोठा, एक शाळकरी. चिठ्ठी ज्याची निघेल त्याची बाजू मांडायची, आवड असो वा नसो. धनराजचा कट्टर चाहता परगटचा वकील झाला की वादाला धार येते, कारण धनराजच्या विरुद्धचे मुद्दे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसतात. इथवरच्या चारही पायऱ्या आठवडाभर आधी एका छोट्या बैठकीत उरका.

पायरी 5: पुरावा गोळा करणं

इथे सगळा वेळ घालवा.

गोलांपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. धनराजच्या नावावर 339 आंतरराष्ट्रीय सामने आणि सुमारे 170 गोल सांगितले जातात. "सुमारे" यासाठी की त्या काळी भारतीय हॉकी महासंघाने गोलांची अधिकृत नोंदच ठेवली नाही. पुन्हा हे आकडे 1989 ते 2004 या साऱ्या कारकिर्दीचे आहेत. आपल्या दशकाचे किती, ते वेगळं काढणं तुमच्या हातात नाही. तेव्हा 170 हा आकडा कोणी टाकला तर अध्यक्षाने घंटी वाजवावी. बोव्हलँडरचे गोल दोनशेच्या वर आहेत, पण त्यांतला मोठा भाग पेनल्टी कॉर्नरवरचा. कॉर्नर मिळवून देणारा वेगळा, मारणारा वेगळा. दोघांचे गोल एका तराजूत टाकता येत नाहीत.

नियमांचाही हिशेब ठेवा. या दशकात ऑफसाइड गेला: 1996 पासून प्रयोग म्हणून, 1998 पासून कायमचा. ऑफसाइड असताना फॉरवर्डला बचावाच्या मागे जाऊन उभं राहता येत नसे. त्याला चेंडू घेऊन माणसं चुकवतच आत शिरावं लागे. नियम गेल्यावर गोलासमोर ठाण मांडून बसणारा फॉरवर्ड जन्माला आला. त्यामुळे 1992 चा गोल आणि 1999 चा गोल एकाच भावाचा नाही. 1992 पासून खेळाडूंची अदलाबदलही मुक्त झाली, म्हणजे थकलेला माणूस बाहेर बसून परत येऊ लागला. सातत्याचं मोजमाप लावताना हे ध्यानात असू द्या.

आता बर्फावरच्या हॉकीकडून पहिली उसनवारी. तिथे गोल करणाऱ्याबरोबर त्याच्या आधी चकती पुढे देणाऱ्या दोघांपर्यंत श्रेय नोंदवतात, आणि गोल व साहाय्य मिळून जो पुढे असेल त्याला उत्तर अमेरिकेच्या लीगमध्ये दर हंगामाला आर्ट रॉस करंडक देतात. आपल्या हॉकीत त्या काळी अशी नोंद नव्हती. म्हणून ती तुम्हीच करा. त्या दशकातला एखादा पूर्ण सामना किंवा निदान सलग अर्धा भाग शोधा. तेव्हा 35 मिनिटांचे दोन भाग असत. वकिलाच्या हातात वही द्या आणि तीन रकाने आखून घ्या: आपला माणूस चेंडू घेऊन किती वेळा गोलासमोरच्या 'डी'त शिरला, किती वेळा त्याच्या पासनंतर दुसरा कोणी शिरला, किती वेळा चेंडू त्याच्याकडून गेला. बचावपटूचे रकाने वेगळे: किती वेळा चेंडू हिसकावला, किती वेळा हिसकावून नुसता फटकावला आणि किती वेळा तो घेऊन पुढे निघाला. शाळेतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं करतात. मोठी माणसं खेळ बघत बसतात, वहीत रेघ मारायची विसरतात.

गोलांच्या ठळक चित्रफिती पुरावा म्हणून घेऊ नका. दोन मिनिटांच्या फितीत कोणताही फॉरवर्ड देवासारखा दिसतो.

तिसरा पुरावा म्हणजे त्या काळच्या जाणत्यांचा निवाडा. 1994 च्या सिडनी विश्वचषकानंतर निवडलेल्या जागतिक संघात भारताचा एकच खेळाडू होता, धनराज. हा पुरावा जड आहे, कारण तो बाहेरच्यांनी दिला आहे. घरच्या पुरस्कारांना एवढं वजन देऊ नका. अर्जुन, खेलरत्न, पद्मश्री हे मान मोठेच, पण ते सगळ्या कारकिर्दीला मिळतात आणि नेहमी उशिरा मिळतात.

जुनी वर्तमानपत्रं जिल्ह्याच्या किंवा नागपूरच्या मोठ्या ग्रंथालयांत चाळता आली तर चाळा. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची बातमी ही वीस वर्षांनी दिलेल्या मुलाखतीपेक्षा भरवशाची. संदीप मिश्रा यांनी लिहिलेलं धनराजचं चरित्र 2007 मध्ये आलं. ते धनराजच्या वकिलाने वाचावं आणि विरुद्ध बाजूच्याने त्याहून बारकाईने.

पायरी 6: प्रत्यक्ष वाद

प्रत्येक नावाच्या वकिलांना मिळून चार मिनिटं, उलटतपासणीला तीन, उत्तराला एक. घंटी वाजली की वाक्य अर्ध्यात तोडायचं. सहा नावांना हे पुरतं.

काही वाक्यांवर बंदी घाला आणि ती फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. "तुम्ही कधी स्टिक धरली का?" "आमच्या वेळची हॉकीच वेगळी." "राजकारण झालं म्हणून, नाहीतर." तिसऱ्याबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण बँकॉकनंतर जे झालं ते कोणीतरी काढणारच. 1998 च्या आशियाई स्पर्धेत भारताने 32 वर्षांनी सुवर्ण जिंकलं, आणि लगेच पुढच्या दौऱ्याच्या संघात कर्णधार धनराजसह सात ज्येष्ठ खेळाडूंची नावं नव्हती. प्रशिक्षक महाराजकृष्ण कौशिक यांनाही बदललं गेलं. ही घटना म्हणून सांगता येईल. तिच्यावर गुण मात्र मागता येणार नाहीत. खेळाडू न खेळलेल्या सामन्यांत कसा खेळला असता याचे गुण नसतात.

आणखी एक बंदी, जी पाळायला आपल्याला जड जाते: "आपला महाराष्ट्राचा म्हणून." जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीची मंडळी सभेत असतील तर हे हमखास होईल. धनराज वाढला तो खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत. वडील तिथेच मैदानाची देखभाल करत, आणि पोरं मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन खेळत. ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत म्हणजे काय, तिथली मैदानं कशी असतात, हे भंडाऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. आपलेपणा वाटणारच. तो चहाच्या वेळी बोलून घ्या. परगट जालंधरजवळच्या मिठापूरचा आहे म्हणून त्याचा एक गुणही कमी होता कामा नये.

परगटच्या वकिलाला एक सूचना. त्याचा सर्वात गाजलेला पराक्रम, पर्थच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत जर्मनीविरुद्ध 1-5 अशा पिछाडीवरून 5-5, हा 1985 चा आहे. तो चालणार नाही. तुम्हाला नव्वदचा परगट उभा करायचा आहे: मागच्या फळीतून चेंडू घेऊन स्वतः मधली रेषा ओलांडणारा, बचावपटू असून चाल रचणारा. तसंच धनराजच्या वकिलाला 2002 च्या कलोनच्या चॅम्पियन्स ट्रॉफीतला स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान वापरता येणार नाही. सीमा सगळ्यांना सारखी.

पायरी 7: काढून बघा

सगळ्यांचं बोलून झाल्यावर अध्यक्षाने एकच सामना फळ्यावर लिहावा आणि प्रत्येक नाव त्यातून काढून बघायला सांगावं. यासाठी बँकॉक 1998 चा अंतिम सामना सर्वांत चांगला. समोर दक्षिण कोरिया, बरोबरी, आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर. धनराज कर्णधार आणि त्या स्पर्धेत भारतातर्फे सर्वाधिक गोल करणारा. पण स्ट्रोक अडवले ते आशिष बल्लाळने. मग सुवर्ण कोणाचं?

इथे दुसरी उसनवारी. त्याच वर्षी फेब्रुवारीत जपानमधल्या नागानोला हिवाळी ऑलिंपिक झालं. बर्फावरच्या हॉकीत चेक प्रजासत्ताकाची उपांत्य गाठ कॅनडाशी पडली, निकाल असाच एकास-एक फटक्यांवर गेला आणि चेक गोलरक्षक डोमिनिक हाशेकने कॅनडाचे पाचही फटके अडवले. अंतिम सामन्यात रशियाला एकही गोल करू दिला नाही. उत्तर अमेरिकेच्या लीगने 1997 आणि 1998 अशी सलग दोन वर्षं सर्वात मोलाचा खेळाडू म्हणून हार्ट करंडक त्यालाच दिला. वेन ग्रेट्स्की, मारिओ लेम्यू, यारोमिर यागर यांच्या दशकात एक गोलरक्षक मधोमध येऊन उभा राहिला. म्हणजे "गोलरक्षकाला कसं देणार?" हा प्रश्न आपल्या सभेत कोणी विचारला तर उत्तर तयार आहे.

बल्लाळला मात्र हे पूर्ण लागू पडत नाही, आणि याच ठिकाणी "काढून बघा" कामाला येतं. हाशेक वर्षानुवर्षं आपल्या संघाला एकट्याने तारत होता. बल्लाळची ती एक सोनेरी संध्याकाळ होती. त्याला त्या सामन्यातून काढलं तर सुवर्ण जातं. धनराजला काढलं तर भारत त्या सामन्यापर्यंत पोहोचतच नाही. शिखराचे गुण बल्लाळला भरपूर द्या, गरजेचे जपून.

हीच कसोटी परगटवर लावली की सभा शांत होते. 1992 आणि 1996 च्या संघांतून त्याला काढलं तर मागे काय उरतं, याचं सरळ उत्तर कोणाकडेच नसतं.

पायरी 8: मतदान

गुप्त. प्रत्येकाने कागदावर तीन नावं लिहायची, पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. खाली एका ओळीत कारण, आणि ते कारण फळ्यावरच्या चार मोजमापांपैकी एकाला धरून हवं. कारण नसलेला कागद बाद. वकिलांनाही मत आहे, आणि ज्याची वकिली केली त्याच्याविरुद्ध मत देण्याची त्यांना पूर्ण मुभा आहे. मोजणी मुलींपैकी दोघींनी मोठ्याने करावी.

बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकू नका. पुन्हा फक्त "गरज" या एका मोजमापावर हात वर करून मत घ्या.

पायरी 9: जगाची वीस मिनिटं

हे पटकन उरका. शहबाज, बोव्हलँडर, वेन, धनराज आणि ॲनन. इथे वकील नकोत, ज्याला बोलायचं त्याने एक मिनिट बोलावं. 1998 चा पहिला जागतिक पुरस्कार पुरुषांत वेनला मिळाला, पण त्याआधीच्या आठ वर्षांत हा पुरस्कारच नव्हता, त्यामुळे त्यावर फार टेकू नका. बोव्हलँडरकडे 1990 चा विश्वचषक आणि 1996 चं ऑलिंपिक सुवर्ण, दोन्ही अंतिम सामन्यांत दोन-दोन गोल. शहबाजकडे 1994 चा विश्वचषक, तोही कर्णधार म्हणून, आणि 1990 व 1994 या लागोपाठच्या दोन विश्वचषकांत स्पर्धेतल्या सर्वोत्तमाचा मान. पाकिस्तानचा म्हणून कोणी कुरकुर केली तर घंटी.

बिघडलं तर

सभा क्रिकेटकडे वळली तर पंधरा मिनिटांचा चहा आताच द्या. एकच माणूस बोलत राहिला तर त्याला मोजणीची वही द्या. जुन्या माणसाने तारीख चुकीची सांगितली तर मधेच तोडू नका, वहीत नोंद करा आणि शेवटी वाचून दाखवा, तोवर त्यालाच बहुधा आठवलेलं असतं. पोरं गप्प बसली तर चित्रफीत लावा आणि रकाने भरायला सांगा. काही केल्या रंग भरला नाही तर दशक बदलून पुढच्या वर्षी पुन्हा करा, 2000 नंतरच्या दहा वर्षांत दिलीप तिर्की आहे, आणि पाकिस्तानचा सोहेल अब्बास.

इतिवृत्त मात्र लिहाच: तारीख, उपस्थिती, फळ्यावरचा पूर्ण प्रश्न, गुणांचं वाटप, मतांची बेरीज. एक प्रत वाचनालयात ठेवा.

माझा कागद असा आहे. भारतीय पुरुषांत पहिला धनराज, थोड्याच अंतराने परगट, तिसरा मुकेश. जगातल्या पुरुषांत शहबाज. आणि प्रश्नातून "पुरुष" शब्द काढला तर ॲलिसन ॲनन, बिनविरोध. तुमच्या गावात परगट जिंकला तर माझी काही तक्रार नाही. फक्त गुणांचं वाटप नावं निघायच्या आधी झालं होतं की नंतर, ते इतिवृत्तात खरं लिहा.